‘कल्पना करा’ म्हणजे नेमके काय करा?

‘तुम्ही १८६७ साली अमेरिकेतील सिएरा नेवाडा पर्वतात रेल्वेमार्गावर काम करणारे चिनी मजूर आहात. गावी असलेल्या आईला पत्र लिहा.’ अशा धर्तीचा गृहपाठ अमेरिकेतील शाळांत इतिहासाच्या तासाला बरीच वर्षे दिला जातो. पत्राऐवजी कधी रोजनिशीचे पान असते. मजुराऐवजी कधी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर अडकवून ठेवलेला प्रवासी असतो. हेतू चांगलाच आहे. सनावळ्या घोकण्यापेक्षा मुलाने त्या काळच्या माणसाच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे, परक्या माणसाचे दुःख त्याला थोडे तरी आपले वाटावे, असे कोणत्या शिक्षकाला वाटणार नाही?

आपल्याला हा प्रकार परका नाही. मराठीच्या वहीत तो ‘मनोगत’ किंवा ‘आत्मवृत्त’ या नावाने कित्येक पिढ्या नांदतो आहे. पूरग्रस्ताचे मनोगत, गिरणी कामगाराचे मनोगत, धरणग्रस्ताची कैफियत. ‘मित्रांनो, ओळखलंत का मला?’ अशी सुरुवात आणि ‘बरं, येतो मी’ असा शेवट. मधल्या वीस ओळींत डोळ्यांत पाणी, पोटात भूक आणि वर निष्ठुर आभाळ. शिराळ्याच्या परिसरात यात एकाची भर पडते, ती म्हणजे ‘मी नाग बोलतोय’. हा नाग दूध पितो, पुंगीवर डोलतो आणि माणसाबद्दल तक्रारही करतो. सापाला बाहेरचा कान नाही, तो पुंगीच्या सुरावर नव्हे तर तिच्या हालचालीवर डोलतो, आणि दूध हे त्याचे अन्न नाही, हे सारे त्याच मुलाने विज्ञानाच्या तासाला शिकलेले असते. पण मनोगत लिहिताना ते विसरायची त्याला मुभा असते. कारण तिथे ‘कल्पना’ करायची असते!

नागाच्या बाबतीत ही मुभा फार तर हास्यास्पद ठरते. माणसाच्या बाबतीत ती तेवढ्यावर थांबत नाही. म्हणून या गृहपाठाकडे जरा बारकाईने पाहावे असे वाटते, आणि ते विज्ञान शिकवणाऱ्यांच्या मासिकात पाहावे असेही वाटते. कल्पना करणे हे विज्ञानाचेही रोजचे काम आहे. मात्र विज्ञानातल्या कल्पनेला काही नियम असतात.

गॅलिलिओचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते असे घटकाभर मानू. आता एक जड आणि एक हलका दगड दोरीने एकत्र बांधला अशी कल्पना करा. हलका दगड जड दगडाला मागे ओढणार, म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडणार. पण जोडीचे वजन तर जड दगडापेक्षा जास्त, म्हणजे ती अधिक वेगाने पडणार! दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. १६३८ साली छापलेल्या पुस्तकातला हा प्रयोग नुसता मनात करायचा आहे. त्याची ताकद अशी की, त्याचा निष्कर्ष काय यावा हे आपल्या मर्जीवर नाही. आपण कल्पनेत शिरतो आणि तिथे भिंतीवर डोके आपटते. या भिंतीमुळेच आपल्याला काही नवे कळते.

मनोगताच्या निबंधात ही भिंत नसते. जे लिहावे ते चालते. मग मूल काय लिहिते? जे त्याच्याजवळ आधीपासून आहे तेच. सिनेमातला गरीब, गाईडमधला शेतकरी, आणि स्वतःच्या आईची आठवण. निबंध वाचून मुलाबद्दल थोडे कळते, मजुराबद्दल काहीच कळत नाही. आणि मुलाला वाटते, मला मजूर कळला.

आता त्या चिनी मजुराच्या पत्राकडे वळू. सेंट्रल पॅसिफिक या कंपनीने १८६५ पासून चिनी माणसे मोठ्या संख्येने कामावर घेतली. १० मे १८६९ रोजी अमेरिकेच्या आरपार जाणारा रेल्वेमार्ग पूर्ण झाला, तोवर हजारो चिनी मजूर त्यावर राबले होते. डोंगरमाथ्यावरचा मुख्य बोगदा सुमारे ५०० मीटर लांबीचा, तो कठीण ग्रॅनाइटमधून खणायचा होता. सुरुंगाच्या दारूने दिवसाकाठी जेमतेम एखादा फूट पुढे सरकता येई. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फाखालून भुयारे काढून त्यांना ये-जा करावी लागली. हे सारे आपल्याला कंपनीच्या कागदांवरून आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांवरून कळते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१२ साली या मजुरांचा शोध घेणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. अमेरिकेतले आणि चीनमधले अभ्यासक एकत्र आले, घराघरांतून, संग्रहालयांतून शोध झाला. त्यात काय आढळले? या मजुरांपैकी कोणीही घरी लिहिलेले एकही पत्र हाती लागले नाही. एकही रोजनिशी नाही. कंपनीच्या हजेरीपटावर बहुतेकांची नावेसुद्धा नाहीत. टोळीच्या मुकादमाचे नाव असायचे, पगार त्याच्या हाती पडायचा आणि तो पुढे वाटायचा.

म्हणजे जे पत्र शोधण्यासाठी जाणकारांनी वर्षे घालवली आणि जे त्यांना मिळाले नाही, ते पत्र आठवीतले मूल पाऊण तासात लिहून देते, आणि वर त्याला दहापैकी आठ गुण मिळतात. यात मुलाचा दोष नाही. पण त्या गृहपाठातून सर्वांत मोठी गोष्ट त्याला कळायची राहिली. ती गोष्ट म्हणजे हे पत्र सापडलेले नाही. का सापडलेले नसेल? लिहिता येत नव्हते म्हणून? लिहून घेणारा मिळत नव्हता म्हणून? पत्रे पोहोचली, पण पुढच्या शंभर वर्षांतल्या युद्धांत आणि उलथापालथींत नष्ट झाली म्हणून? हा इतिहासातला खरा प्रश्न. आणि आपण त्याच्या जागी एक बनावट पत्र ठेवून तो बुजवून टाकतो.

पत्र नाही म्हणून काहीच कळत नाही, असे मात्र नाही. विज्ञान शिक्षकाला रस वाटावा असा भाग तर इथूनच सुरू होतो. मजुरांच्या मुक्कामाच्या जागा पुरातत्त्वज्ञांनी खणल्या. भाताच्या वाडग्यांचे तुकडे, सोयाच्या रसाच्या बरण्यांची खापरे, औषधाच्या कुप्या, मधोमध भोक असलेली नाणी, खेळातल्या सोंगट्या, अफूच्या डब्या निघाल्या. वाडगे चीनमधून आलेले होते. म्हणजे समुद्रापलीकडून भांडी आणि खाणे आणून डोंगरात पोहोचवणारे व्यापारी होते. सोंगट्या आहेत, म्हणजे काम संपल्यावर काही वेळ यांचा स्वतःचा होता. एका खापरावरून इतके अनुमान काढता येते, आणि प्रत्येक अनुमानाला ‘कशावरून?’ विचारले तर उत्तर देता येते.

आणखी एक गोष्ट. जून १८६७ मध्ये या मजुरांपैकी सुमारे तीन हजारांनी काम थांबवले. त्यांना महिन्याला ४० डॉलर हवे होते आणि कामाचे तास कमी हवे होते. आपापल्या तळावर ते शांतपणे बसून राहिले. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकर या मालकाने त्यांचा शिधा तोडला, आणि आठवड्याभरात संप मोडला. आता विचार करा. ‘चिनी मजुराचे मनोगत’ लिहिणाऱ्या शंभर मुलांपैकी किती जण संपाची आखणी करणारा मजूर लिहितील? डोंगरात मैलोन्‌मैल पसरलेल्या तळांवर एकाच दिवशी काम थांबवायचे, तर निरोप कसा पोहोचवला असेल? किती जण याचा विचार करतील? ‘मनोगत’ या प्रकाराने मुलाला आधीच सांगून ठेवलेले असते की ज्याचे मनोगत लिहायचे तो बिचारा असतो. बिचारा माणूस सोसतो आणि रडतो, हिशेब करत नाही. पण हा मजूर हिशेब करणारा होता. गोऱ्या मजुराला किती मिळते आणि आपल्याला किती, हे त्याला पक्के ठाऊक होते.

एंजल बेटाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली. अमेरिकी नागरिकांच्या मुलांना मात्र येता येई. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी दप्तर जळाले. तेव्हा अनेक चिनी माणसांनी सांगितले, आमचा जन्म इथलाच. दप्तरच नाही म्हटल्यावर ते खोडून कोण काढणार? मग अशा नागरिकांचे ‘मुलगे’ म्हणून भलतीच तरुण मुले कागदोपत्री येऊ लागली. त्यांना कागदी मुलगे म्हणत. हे ओळखून काढण्यासाठी १९१० ते १९४० या काळात एंजल बेटावर कसून उलटतपासणी होई. तुमच्या घरापासून विहीर किती अंतरावर? तुमच्या ओळीत किती घरे? तांदूळ कुठे ठेवता? हेच प्रश्न ‘बापा’लाही विचारत आणि उत्तरे ताडून पाहत. म्हणून ही मुले बोटीवर दुसऱ्याच कुणाच्या घराची, गावाची, आजीआजोबांची टिपणे पाठ करत आणि बेट यायच्या आधी समुद्रात टाकून देत.

म्हणजे ‘तुम्ही अमुक आहात अशी कल्पना करा’ हा प्रश्न या मुलांना सरकारनेच घातला होता, आणि नापास झाले तर परतीची बोट होती. त्याच मुलांच्या नावाने आज वर्गात कुणी तोच प्रश्न गुणांसाठी घालतो, तेव्हा त्यातला उपरोध त्याच्या ध्यानातही येत नाही. या उलटतपासण्यांची हजारो पाने अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जपलेली आहेत. त्यांतल्या एखाद्या पानावरचे दहा प्रश्न वर्गात मुलांना स्वतःच्याच घराबद्दल विचारा. जिन्याला पायऱ्या किती? शेजारच्या घराचे दार कोणत्या दिशेला? निम्मी मुले चुकतील, खरे बोलत असूनही. खऱ्या मुलाला कोणत्या भीतीत बसावे लागले असेल, ते कळायला मग निबंधाची गरज राहत नाही. याच बेटावरच्या लाकडी भिंतींवर अडकलेल्या लोकांनी चिनी लिपीत कविता कोरल्या होत्या. १९७० साली ती इमारत पाडायची वेळ आली असता त्या लोकांच्या लक्षात आल्या. म्हणजे इथे तर माणसे स्वतः बोललेली आहेत. मग त्यांच्या तोंडी आपण आपली वाक्ये का घालायची?

दक्षिण चीनमधून बाहेरदेशी गेलेल्यांची नंतरच्या काळातली पत्रे मात्र मोठ्या संख्येने उरली आहेत. लाखाहून अधिक पत्रांचा हा संग्रह २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत घेतला गेला. ही पत्रे पैशांबरोबर येत. बहुतेक मजुरांना लिहिता येत नसल्याने ती अनेकदा पत्रलेखकाकडून लिहून घेतलेली असत. त्यांत ठराविक नमस्कार आणि मग वाटणीचा हिशेब असे. इतके पैसे पाठवले आहेत, त्यातले आजीला अमुक, काकूला तमुक. वाचताना आपल्याला काय आठवते? मुंबईच्या गिरणीतून वारणेच्या खोऱ्यात येणाऱ्या मनीऑर्डरचे कुपन! त्या बोटभर कागदावर ‘पत्र पोहोचताच कळवणे, बी-बियाण्याचे बघणे, म्हातारीला जपणे’ यापलीकडे जागाच नसे. त्या चार ओळींत ‘आई, तुझी फार आठवण येते’ असे कुणी लिहीत नसे. आठवण रकमेच्या आकड्यात असे. शाळेतले मनोगत मुलांना नेमकी हीच भाषा वाचायला शिकवत नाही.

इथवर अमेरिकेचे बोललो. पण हाच प्रश्न आपल्या अंगणातही घालता येतो. महाबळेश्वरला इंग्रजांनी थंड हवेचे ठाणे वसवले ते १८२८-२९ च्या सुमारास. त्यानंतरच्या दशकात तिथे एक तुरुंग बांधला गेला आणि त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवले गेले. हे कैदी पेनांग, मलाक्का, सिंगापूर या इंग्रजी वसाहतींतून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेले. उलट दिशेने हिंदुस्थानातले कैदी १८२५ पासून सिंगापूरला पाठवले जात होते. तिथले सेंट अँड्र्यूज चर्च आपल्याकडच्या कैद्यांच्या हातांनी उभे राहिले. माणसाला त्याच्या मुलखापासून तोडणे हीच शिक्षा, त्यामुळे ही अदलाबदल सरकारला सोयीची होती. महाबळेश्वरच्या चिनी कैद्यांनी रस्त्यांवर काम केले, आणि साहेब लोकांसाठी बटाटे आणि इतर विलायती भाजीपाला पिकवला. १८६४ च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला. कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या एका धबधब्याचे नाव आजही चायनामन्स फॉल असे सांगतात, कारण त्याच्याजवळ या लोकांच्या बागा होत्या. (नावातला ‘चायनामन’ हा शब्द हेटाळणीचा आहे, हेही मुलांना सांगायला हवे.) तिथल्या स्ट्रॉबेरीचे आणि वेताच्या कामाचे श्रेयही कधी कधी त्यांना दिले जाते. ‘असे म्हणतात’ आणि ‘असे नोंदले आहे’ यांतला फरक शिकवायला ही दोन उदाहरणे चांगली आहेत.

हे खुशीने पोट भरायला आलेले लोक नव्हते, पकडून आणलेले होते. तेव्हा ‘स्थलांतरित’ हा शब्द त्यांना सैलपणेच लागू पडतो. तरीही सातारा-सांगलीच्या मुलाला ‘परमुलखात आलेला चिनी माणूस’ या विषयावर काम करायचे असेल, तर त्याला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. शिराळ्याच्या मुलाला तर हे कैदी आपल्याच जिल्ह्यातले. शिराळा १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता, मग दक्षिण साताऱ्यात गेला, आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. १८८५ सालचे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर दोन्ही ठिकाणांना सामावून घेणारे आहे. महाबळेश्वरच्या वर्णनात तिथे या कैद्यांचे काम आहे, त्यांचा भाजीपाला आहे, त्यांची उपयुक्तता आहे. त्यांचे स्वतःचे शब्द नाहीत.

आता ‘महाबळेश्वरच्या चिनी कैद्याचे मनोगत’ असा निबंध दिला तर काय होईल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. शिराळ्याच्या मुलाच्या डोळ्यांपुढे ‘चिनी’ म्हटल्यावर जे येते तेच कागदावर उतरेल. चौकातली चायनीजची गाडी, स्वस्तातली खेळणी, १९६२ चे युद्ध, करोना. कल्पनेला पुरावा पुरवला नाही तर तिला पूर्वग्रह पुरवला जातो. आणि पूर्वग्रहाचे काय होते हेही आपल्या देशाने पाहिले आहे. १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले होते. त्यांत लहान मुलेही होती.

याच कैद्याबद्दल दुसऱ्या रीतीने विचार करता येतो, आणि त्यासाठी भूगोल-विज्ञानाचे साधे ज्ञान पुरते. समजा, हा माणूस दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातला आहे, तरुणपणी सिंगापूरला गेला, तिथे शिक्षा झाली आणि तो महाबळेश्वरला आला. सिंगापूर विषुववृत्ताला लागून. तिथे वर्षभर दिवस जवळजवळ बारा तासांचा, उन्हाळा-हिवाळा असा भेदच नाही. महाबळेश्वर १८ अक्षांशांवर. जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकरा तासांचा. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत रस्त्यावर काम असेल तर जून आणि डिसेंबर यांच्यात दोन तासांहून अधिक फरक पडतो. पण जूनमध्ये खरोखर काम चालत असेल का? सिंगापूरलाही भरपूर पाऊस, पण तो वर्षभर विखुरलेला. महाबळेश्वरला त्याच्या दुपटीहून अधिक, साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. मग त्या चार महिन्यांत रस्त्यावरची टोळी काय करत असेल? बटाटा कधी लावत असतील? उतारावरची जांभ्याची माती वाहून जाऊ नये म्हणून काय करत असतील? १३७० मीटर उंचीवरची डिसेंबरातली रात्र सिंगापुरात वर्षे काढलेल्या अंगाला कशी लागत असेल?

आणखी एक. क्वांगतुंगमध्ये ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २३ अंश उंचीवर दिसतो. सिंगापूरहून तो क्षितिजाला इतका टेकलेला असतो की दिसतच नाही म्हणायला हरकत नाही. महाबळेश्वरहून तो १८ अंशांवर. म्हणजे या माणसाच्या लहानपणीचा तारा सिंगापुरात हरवला आणि सह्याद्रीच्या माथ्यावर, मोकळ्या आभाळाच्या रात्री, परत दिसू लागला. हे मी मनाने रचलेले नाही. ज्या कुणाचा प्रवास त्या मार्गाने झाला त्याच्या डोक्यावर हेच आभाळ होते. त्याने वर पाहिले का, पाहून त्याला काय वाटले, ते मात्र कोणत्याही कागदात नाही. मुलाला इथपर्यंत आणून थांबवावे. थांबल्यावर वर्गात जी शांतता होते ती ‘डोळ्यांत अश्रू तरळले’ या वाक्यापेक्षा पुष्कळ मोलाची आहे.

कल्पना नकोच, असे यातून कुणी काढू नये. कॉलिंगवूड या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात इतिहासकाराला कल्पनेशिवाय पाऊल टाकता येत नाही, असेच म्हटले आहे. त्याच्या मते कादंबरीकार आणि इतिहासकार यांच्यातला फरक एवढाच की, इतिहासकाराचे चित्र ठराविक स्थळाकाळात बसावे लागते आणि पुराव्याशी जुळावे लागते. शाळेतल्या मनोगताने हा फरक पुसून टाकला आहे. भाषेच्या तासाला कादंबरीकारासारखे लिहायला कुणाची हरकत नाही. तेच लिखाण इतिहासाच्या वहीत ‘अनुभव’ म्हणून जमा होते, तिथे हरकत आहे.

शिराळ्यात या विषयाला आणखी एक काटेरी बाजू आहे. वारणेवर चांदोलीला धरण झाले. चौतीस टीएमसीहून अधिक पाणी साठवणारा वसंतसागर जिथे पसरला तिथे गावे होती. १९८५ साली वरच्या जंगलाचे अभयारण्य झाले आणि पुढे २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. त्यातही गावे उठली. ती माणसे सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांत ठिकठिकाणी वसवली गेली. वर्गात ‘धरणग्रस्ताचे मनोगत’ हा विषय फळ्यावर लिहिला जातो, तेव्हा तिसऱ्या बाकावर त्या घरातलेच मूल बसलेले असू शकते. त्याने काय करायचे? कशाची कल्पना करायची? घरी आजोबा जे सांगतात ते लिहावे तर त्यात जमिनीचा मोबदला, खातेफोड, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, नव्या गावठाणातल्या पाण्याची बोंब, मूळच्या गावकऱ्यांशी झालेली भांडणे असे सारे असते. ‘माझे घर, माझे अंगण, माझी तुळस बुडाली’ या ओळी त्यात बहुधा नसतात. शेजारचे मूल गाईडमधून त्या ओळी उतरवून काढते आणि अधिक गुण घेते. अमेरिकेतल्या वर्गात चिनी वंशाच्या मुलाचीही अशीच पंचाईत होते. एकतर सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहतो, नाहीतर त्याच्या घरातली खरी हकिकत ‘विषयाला धरून नाही’ ठरते.

जिथे माणूस हयात आहे, तिथे कल्पना करायला सांगणे हा मला तर निव्वळ आळस वाटतो. चांदोलीतून उठलेली, गिरणीत राबलेली, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर गावाकडे परतलेली माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत. त्यांच्याकडे जायला एसटीचे तिकीटही लागत नाही. फक्त मुलांना प्रश्न तयार करून द्यावे लागतात, आणि ते प्रश्न ‘तुम्हाला कसे वाटले?’ असे नसावेत. सामान कशातून आणले? जनावरांचे काय केले? कोणती वस्तू मागे राहिली? पहिल्या वर्षी काय पेरले आणि किती उगवले? सातबाऱ्यावर नाव चढायला किती वर्षे लागली? एंजल बेटावरच्या अधिकाऱ्यांना एवढे तरी कळले होते की माणसाचे घर तपशिलात असते. आपण हेच प्रश्न माणसाला अडकवण्यासाठी नव्हे, त्याचे ऐकण्यासाठी विचारायचे.

राहता राहिला गुणांचा प्रश्न. शिक्षक म्हणतील, मनोगताला गुण देणे सोपे. अशा कामाला कसे द्यायचे? एक रीत सुचवतो. मुलाने लिहिलेल्या प्रत्येक विधानापुढे समासात ‘कशावरून?’ असे लिहावे आणि त्याचे उत्तरही मुलानेच समासात द्यावे. आजोबांनी सांगितले, गॅझेटियरमध्ये आहे, ॲटलासमधून मोजले, किंवा मला वाटते. ‘मला वाटते’ला गुण कापू नयेत. ते वेगळ्या रंगाच्या शाईने लिहिलेले असावे, इतकेच. तपासताना शाईकडे पाहावे. ज्या वहीत दुसरा रंग कुठेच नाही ती मी तरी पुन्हा एकदा तपासायला घेईन, कारण त्या मुलाला एकतर सगळेच ठाऊक आहे, किंवा आपल्याला काय ठाऊक नाही तेच त्याला अजून ठाऊक नाही. पन्नास-साठ वह्यांच्या वर्गात हे वर्षातून एकदाच जमेल, तेही दिवाळीच्या सुट्टीत मुले आजोळी गेलेली असताना. आजोळी माणसे असतात, आणि त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी बहुधा जुने कागदही असतात.